जजबाई आणि अर्धा गोऱ्हा

डनमोरचं केंद्राचं कोर्ट पोस्टाच्या माडीवर आहे. खाली तिकिटं चिकटवायची, वर जन्मठेप ऐकायची. जिना दोन्हीला एकच. त्यामुळं लुएला टोर्व्हिक तिथली जज झाली तेव्हा गावाला फारसं अवघडल्यासारखं झालं नाही. जिनाही ओळखीचा आणि जिना चढणारी बाईही ओळखीची. फक्त पूर्वी ती चढताना लोक म्हणायचे, "काय गं, कुठं?" आता ती चढताना जरा भिंतीला टेकायचे आणि मग म्हणायचे, "काय गं, कुठं?"

मोंटानाच्या ह्या भागात माणसापेक्षा गुरं जास्त आणि गुरांपेक्षा वारा जास्त. लुएला जन्मली ती मडी फोर्क ओढ्याच्या काठी, बापाच्या रानात. बापाला पोरगा हवा होता. झाली पोरगी. बाप म्हणाला, "आसूं दे. हात दोन हायत न्हवं?" आणि ती धड चालू लागायच्या आत त्या दोन हातांत बादली दिली. वासरं ओढून काढणं, बर्फात हरवलेली गाय हुडकणं, लाथ बसली की उठून परत तिथंच उभं राहणं, हे सगळं ती पाटी हातात धरायच्या आधी शिकली. पुढं वकिली शिकायला मिझुलाला गेली तर वर्गात बाई एकटी हीच. मास्तरानं पहिल्याच दिवशी विचारलं, "मुली, कुणा मुलाची जागा अडवून बसलीस तू?"

ही म्हणाली, "अडवली नाही, सर. तो परीक्षेत पडला."

तिथून पुढं मास्तरानं तिला नडायचं सोडून दिलं.

परत येऊन तिनं पेंडीच्या दुकानावरच्या खोलीत पाटी लावली. अशिलाला कायद्याआधी भुश्श्याचा वास यायचा. मृत्युपत्रं, बांधाची भांडणं, काडीमोड, गाईचोर, जे येईल ते घेतलं. लग्न केलं क्लेम टोर्व्हिकशी. तो गुरांचा डॉक्टर. त्याचा हात गाईच्या पोटात खांद्यापर्यंत आणि हिचं डोकं कागदात मानेपर्यंत. संसार बिनभांडणाचा झाला, कारण दोघं एका वेळी घरात सापडायचीच नाहीत. मग ती जिल्ह्याची सरकारी वकील झाली. चोरांना ती आवडायची. शिक्षा मागायची ती पुरती, पण शिव्या द्यायची नाही.

जज नेमायचा तर नाव राष्ट्राध्यक्ष पाठवतो, सिनेट त्यावर बसतं, आणि त्याआधी राजधानीतनं चौकशीला माणसं येतात. दोघं आले. पॉलिश केलेले काळे बूट घालून, ऐन वसंतातल्या चिखलात. शेजाऱ्यांना विचारत विचारत ते डेल स्ट्रोबेलच्या गोठ्यापाशी पोचले तोवर बूट कोणत्या रंगाचे होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"या बाईंना तुम्ही किती वर्षं ओळखता?"

"बाईंना न्हाई, लुएलाला. क्लेमशी लगीन केलं तवापास्नं."

"पितात का?"

"काय?"

"दारू."

"नाताळाला एक पेला. त्यातला बी अर्धा क्लेम पितो."

"कुणाशी वैर?"

"हाय की. माझ्या लाल गाईशी. दोनदा गेटावरनं फेकलीया तिनं हिला."

"प्रामाणिक आहेत?"

डेलनं टोपी मागं सारली. "आसं बगा साहेब. एका डागणीला माझ्या कळपात एक वासरू निघालं, आई मेलेली, अंगावर कुणाच्या खुणेचा डाग न्हाई, मालक ठावं न्हाई. समदी म्हणाली, डाग आन् मोकळा हो. लोखंड हिच्या हातात व्हतं. हिनं ते बाजूला ठेवलं. म्हणाली, ज्याचं हाय त्याची वाट बघू. त्ये वासरू माझं गवत खाऊन खाऊन बैल झालं, मालक काय आला न्हाई."

"म्हणजे प्रामाणिक आहेत."

"व्हय. लई ताप हाय."

त्या दोघांनी काय लिहून नेलं कुणास ठाऊक, पण सिनेटनं नाव मान्य केलं. नोकरी मरेपर्यंतची. निवडणूक नाही, बदली नाही, कुणाचा बाप काढू शकत नाही. त्या दिवशी पोस्टात म्हातारे म्हणाले, "आता ही मरायची न्हाई. सरकारचं नुकसान करायला जगंल."

ती जज कशी होती म्हणाल तर जशी बाई होती तशी. एकदा ज्यूरीतला एक गडी भर साक्षीत घोरू लागला. वकील रागावला. लुएलानं गड्याला उठवून विचारलं, "किती गाई?" तो दचकून म्हणाला, "रातच्याला चार व्याल्या, बाई. एकीचं आडवं आलंतं." तिनं कोर्ट तहकूब केलं, त्याला मागच्या खोलीतल्या बाकावर झोपवलं आणि जेवणानंतर पुन्हा सुरू केलं. वकिलाला म्हणाली, "झोपलेल्या माणसाकडून न्याय घेण्यापेक्षा झोप झालेल्याकडून घ्या." वरच्या कोर्टानं तिचा निकाल फिरवला की ती तो शांतपणे वाचायची आणि म्हणायची, "तिघांनी मिळून चूक केली. मी एकटीनं कमी माणसांत उरकली असती." निकाल सांगताना तिनं कधी घसा खाकरला नाही. ज्याला तुरुंगात धाडायचं त्याच्या डोळ्यात बघून धाडायची. त्यानंतर एकटीच कॅफेत जाऊन नेहमीच्या स्टुलावर बसायची. ती आली की कॅफे एक क्षण गप्प व्हायचं, मग कोणी तरी म्हणायचं, "जजबाई आल्या, दात कोरायचं थांबा," आणि पुन्हा गलका.

एवढ्या सगळ्यात एक गोष्ट तिनं सोडली नाही. डागणी.

आमच्याकडं मे महिन्यात वासरं डागतात, म्हणजे तापल्या लोखंडानं त्यांच्यावर मालकाची खूण उमटवतात. एका घराचं हे काम नव्हे, सावडीनं चालतं. तू माझ्या वासरांना आलास, मी तुझ्या वासरांना आलो. कोणी लिहून ठेवत नाही आणि कोणी विसरत नाही. घोड्यावरचा दोर टाकून वासरू ओढतो, दोघं त्याला पाडतात, एक लोखंड लावतो, एक सुई टोचतो, एक गोऱ्ह्यांची अंडं काढतो. दुपारी तीच अंडं पिठात घोळून तळतात आणि त्यावर जो तोंड वाकडं करतो त्याला पुढल्या वर्षी बोलवत नाहीत. क्लेम सुया टोचायचा. लुएला लोखंड धरायची, कारण तिचा डाग कधी सरकला नाही, कधी दुहेरी उमटला नाही. आता टोर्व्हिकांची स्वतःची गुरं नव्हती. ती दोघं गावात राहायची. त्यांची सावड फेडायची कशी? तर शरदात डेल त्यांच्यासाठी अर्धा गोऱ्हा कापून, पांढऱ्या कागदात बांधून, त्यांच्या गॅरेजातल्या फ्रीझरात आणून ठेवायचा. ठेवायचा आणि जायचा. सांगायचाही नाही. गॅरेजला कुलूप कुणाच्याच नसतं.

हे इतकी वर्षं चाललं की त्यात देणं-घेणं असं काही आहे हेच दोघांनी विसरून टाकलं होतं.

मग झऱ्याचं प्रकरण आलं.

डेलच्या रानाला लागून सरकारी कुरण. त्यात एक झरा, हरिणीचा झरा म्हणतात. भाडं भरून डेलची गुरं तिथं चरायची. दुष्काळाच्या एका वर्षी त्यानं झऱ्याभोवती तार ओढली आणि गेटला कुलूप घातलं. म्हणाला, शिकारी लोक जीपा घालून चिखल करतात, दुसऱ्यांची गुरं तुडवतात, झरा मरंल. झरा मेला नाही हे खरं. पण सरकारी जमिनीवर कोणी खासगी कुंपण घालू नये हा कायदा इथल्या आज्यांच्याही आधीचा. पुष्कळ वर्षं कुणी बघितलं नाही. मग चराईचा नवा अधिकारी आला, त्यानं बघितलं, आणि सरकार कोर्टात आलं. कोर्ट म्हणजे पोस्टाची माडी. जज म्हणजे लुएला.

तिनं पहिल्याच दिवशी दोन्ही वकिलांना सांगितलं, स्ट्रोबेल माझा सावडीतला शेजारी आहे, नको असेन तर बोला. सरकारची वकील होती कॉन्स्टन्स ओबर्ली, चाळिशीची, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारी. ती म्हणाली, "या राज्यात शेजारी नसलेला जज शोधायचा तर हद्दीबाहेर जावं लागेल." डेलचा वकील हॉवर्ड पेल्की हसला. लुएला राहिली. पण त्या मे महिन्यात ती डागणीला गेली नाही. क्लेमलाही जाऊ दिलं नाही. दोघं दिवसभर अंगणात बसली, वाऱ्यावर जळल्या केसांचा वास येतो का बघत, बांधून घातलेल्या घोड्यासारखी.

डेलनं काही विचारलं नाही. तो बरोबर समजला. आणि इथंच घोळ झाला, कारण तो आमच्या पद्धतीनं समजला.

ऑक्टोबरात खटल्याची तारीख आठवड्यावर आली होती. रविवारी क्लेमनं मांसाचा मोठा तुकडा बटाटे, गाजरं घालून ओव्हनमध्ये लावला. लुएलानं दोनदा घेतलं. सोमवारी संध्याकाळी ती मटार काढायला गॅरेजात गेली, फ्रीझरचं झाकण उचललं आणि तशीच उभी राहिली. पेटी काठोकाठ भरलेली. पांढरे पुडे, प्रत्येकावर खाटकाचा निळा शिक्का, शिक्क्याखाली स्ट्रोबेल.

"क्लेम! हे काय?"

"मांस."

"कशाचं?"

"गोऱ्ह्याचं."

"क्लेम!"

"डेलनं ठेवलं आसंल. दरसाली ठेवतो तसं."

"आणि काल आपण खाल्लं ते?"

क्लेमनं चष्मा काढून पुसला. "लई मऊ शिजलं व्हतं, न्हाई?"

लुएला स्वयंपाकघरात येऊन बसली. मटार हातातच. डेलच्या डोक्यात काय चाललं असेल ते तिला काचेतून दिसावं तसं दिसलं. बाई आली नाही ती कायद्यानं अडकली म्हणून. तिचा काय दोष? सावडीतला गडी आजारी पडला तर त्याचा वाटा कोणी कापत नाही. म्हणून वाटा आणून ठेवला. एवढंच. आणि हेच कायद्याच्या डोळ्यानं बघितलं तर: खटल्याच्या तोंडावर पक्षकारानं न्यायाधीशाच्या घरी गुपचूप अर्धा गोऱ्हा पोचवला आणि न्यायाधीशानं तो खाल्ला.

क्लेम म्हणाला, "कुत्र्यांस्नी घालू. कुणाला कळतंय?"

"आणि पोटातलं?"

"त्ये काय कोर्टात बोलतंय व्हय?"

"माझ्या कोर्टात बोलतं."

"मग उद्या जाऊन सांग की डेलला, बाबा उचल तुझं."

"नाही सांगता येत. खटला चालू असताना एका बाजूशी चोरून एक अक्षर बोलायचं नाही मला. फोन नाही, चिठ्ठी नाही. तुलाही नाही."

"शेजारी हाय त्यो."

"म्हणून तर."

ती गप्प बसली तर ती जज नव्हती. उरलेलं आयुष्य त्या खुर्चीत बसून ती फक्त पगार खाणार होती. बोलली तर भर कोर्टात बोलावं लागणार, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मुलखात होणार की डेल स्ट्रोबेलनं जजला लाच दिली. आयुष्यात ज्यानं दुसऱ्याची दोरीसुद्धा परत केल्याशिवाय झोप घेतली नाही, त्याला. खुर्ची सोडून बाजूला व्हावं तर दुसरा जज दिवसभराच्या वाटेवर, त्याच्या टेबलावर ढीग. प्रकरण लोंबकळणार, आणि लोक म्हणणार, लाच होती म्हणूनच पळाली.

"झोप आता," क्लेम म्हणाला.

"मटार शिजव," ती म्हणाली. "नुसते."

सकाळी तिनं कोर्टाची कारकून मेव्हिस ओयेन हिला बोलावलं. मेव्हिस इतकी जुनी की कोर्टातली घड्याळं तिला विचारून चालायची. लुएलानं सगळं सांगितलं. मेव्हिस म्हणाली, "किती खाल्लंत?"

"दोन वेळा घेतलं."

"रसासकट?"

"मेव्हिस."

"लिहून घ्यावं लागेल ना. दोन्ही वकिलांना आजच कळवते."

मांस परत न्यायला कोर्टाचा मार्शल टब्स गेला. पिकअपभर पुडे. स्ट्रोबेलच्या दारात डेलची बायको इर्मा कमरेवर हात ठेवून उभी.

"हे काय?"

"कोर्टाचा हुकूम, बाई. परत करायचं."

"मांसावर हुकूम? दिलेलं परत घ्यायला आमी काय सरकार हाय?"

"मी ओसरीवर ठेवतो."

"ठेव. कोल्ही खातील, त्यांच्यावर काढा हुकूम."

पण टब्स निघाला तशी इर्मानं पुडे आत नेले. रागात असली तरी मांस वाया घालवणाऱ्यातली ती नव्हती.

खटल्याच्या दिवशी माडी भरली होती. खाली पोस्टातही लोक तिकीट न घेता उभे. लुएला खुर्चीत बसली, काळा झगा सारखा केला, आणि घसा न खाकरता सगळं सांगितलं. डागणी, सावड, शरदातला वाटा, भरलेला फ्रीझर, रविवारचं जेवण. "दोन वेळा घेतलं," ती म्हणाली. "मांस परत गेलं आहे. खाल्लेलं परत देता येत नाही. आता कायदा असा: मी खोलीबाहेर जाईन. दोन्ही बाजूंनी आपसांत ठरवायचं. दोघांनाही मी हवी असेन तरच मी बसेन. एकानंही नाही म्हटलं तर कोण म्हणालं हे मी विचारणार नाही."

डेल ताडकन उठला. मान तांबडी झाली होती. "लुएला, तू डागणीला आली न्हाईस त्ये कोर्टापायी. आजाऱ्याचा वाटा कापत न्हाईत, म्हणून मी—"

"स्ट्रोबेल," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं त्याला आडनावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. "खाली बसा. तुमचे वकील बोलतील."

तो बसला. लोखंडाचा चटका बसावा तसा.

ती जिना उतरून खाली पोस्टात गेली आणि तिकिटांच्या रांगेत उभी राहिली. पुढच्यांनी वाट दिली, तिनं घेतली नाही.

वर काय झालं ते तिला पुढं पुष्कळ महिन्यांनी इर्माकडून कळलं. ओबर्लीबाईनं फोनवर वरिष्ठांना विचारलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, सरकारची हरकत नाही. जी बाई जेवलेली सांगते ती निकालात काय लपवणार? अडलं ते डेलच्याच बाजूनं. पेल्कीनं त्याला कोपऱ्यात घेतलं.

"हिला काढा, डेल. हात जोडतो. आता ही स्वच्छ दिसायला तुमच्या उलट्या अंगाला वाकेल."

"वाकणारी बाई न्हाई ती."

"मग मोडेल. तुमच्यावर."

"तू आईक," डेल म्हणाला. "हिला काढली तर आर्थ काय? मी लाच दिली आन् ती गावली. ऱ्हायली तर आर्थ काय? मी वाटा दिला आन् तिनं परत केला. ह्यातलं खरं कंचं?"

"दुसरं."

"मग खरं हाय तेच धर. आन् आणिक एक. मला आता भर कोर्टात स्ट्रोबेल म्हणाली. मला लई राग आलाय. पन ज्या बाईला मला स्ट्रोबेल म्हणायला जमलं, तिला काय बी जमंल. सही कुठं करायची?"

दोन्ही सह्या झाल्या. मेव्हिस खाली येऊन म्हणाली, "चला." लुएलाचा नंबर खिडकीपाशी आलाच होता. तिनं तिकीट घेतलं आणि वर गेली.

साक्षी झाल्या. अधिकाऱ्यानं नकाशे दाखवले. डेलनं झरा कसा राखला ते सांगितलं, दगड बसवले, वाळुंज लावले, तो बोलत असताना खोलीत गवताचा वास आल्यासारखं झालं. ओबर्लीबाईनं त्याला एकच विचारलं: "गेटची किल्ली कुणाकडं असते?" तो म्हणाला, "माझ्याकडं." ती खाली बसली.

लुएलानं निकाल खुर्चीतूनच सांगितला, डेलकडं बघत.

"झरा तुम्ही राखलात. तुम्ही नसता तर आज तिथं चिखल असता, हे कोर्ट मान्य करतं आणि निकालात तसं लिहिलं जाईल. पण राखणं म्हणजे मालकी नव्हे. जमीन सगळ्यांची आहे आणि किल्ली एकाच्या खिशात आहे. कायदा याला परवानगी देत नाही. कुंपण उतरवायचं."

ओबर्लीबाई उठली. "तीस दिवसांत, अशी सरकारची विनंती आहे."

"बाई, नोव्हेंबरात इथल्या जमिनीतून एक खांब तुम्ही उपटून दाखवा. मी खाली येऊन बघते."

माडी हसली. ओबर्लीबाईही हसली, आणि चष्मा कपाळावरून नाकावर घसरला.

"मुदत मे अखेर. तोवर गाई विणार आहेत. आणि स्ट्रोबेलांच्या गुरांना झऱ्यावर पाणी प्यायचा हक्क परवान्यात आहे, तो कुंपणाबरोबर जात नाही. संपलं."

डेलनं टोपी उचलली आणि जिना उतरून गेला. वर बघितलं नाही.

तो हिवाळा लांब होता. कॅफेत ती आली की गप्पपणा क्षणाऐवजी दोन घोट टिकायचा. एकदा कोपऱ्यातनं आवाज आला, "मांस बी खाल्लं, झरा बी खाल्ला." लुएलानं बशीतली सफरचंदाची पाई संपवली, तोंड पुसलं आणि त्या कोपऱ्याकडं वळून म्हणाली, "मांस चांगलं होतं. झऱ्याचं मी काही घेतलं नाही." मग कोट घालून निघाली. चर्चमध्ये इर्मा आजवर ह्यांच्याच बाकावर बसायची. ती उठून पलीकडच्या रांगेत गेली. क्लेम एका रविवारी म्हणाला, "तुला वाईट वाटतंय का?" ती म्हणाली, "वाटतंय. निकाल तोच दिला असता." तो म्हणाला, "त्ये न्हवतं इच्यारलं." ती म्हणाली, "मग पहिलं उत्तर घे."

अपिलाची मुदत गेली. डेलनं अपील केलं नाही. मे महिना आला, पण डागणीचा निरोप आला नाही, क्लेमलाही नाही. मे अखेरीस खांब उपटले गेले, सरकारी माणूस बघून गेला, पसंतीचा कागद कोर्टात आला आणि लुएलानं प्रकरण बंद असा शेरा मारून मेव्हिसच्या हातात दिलं. त्याच सही-शिक्क्याबरोबर तिनं आणखी एक हुकूम काढला: स्ट्रोबेल नावाचं काहीही पुढं आलं तर ते माझ्यापुढं यायचं नाही, थेट दुसऱ्या जजकडं जायचं. कायमचं.

"कायमचं?" मेव्हिस म्हणाली.

"मी मरेपर्यंत."

"म्हणजे कायमचंच."

दुसऱ्या दिवशी शनिवार. लुएलानं जुनी जीनची पँट घातली, कातडी हातमोजे घेतले, पक्कड घेतली आणि पिकअप काढली. क्लेम न विचारता शेजारी बसला.

कुंपण उतरलं होतं, पण तार तशीच गवतात लोळत पडली होती. काटेरी जुनी तार गुंडाळणं हे आमच्याकडचं सगळ्यात नावडतं काम. दारू पाजून गडी मिळत नाही त्याला. तार सापासारखी उलटून तोंडावर येते. आणि ठेवून तर चालत नाही, गुरांच्या पायांत जाते. डेल एकटाच होता, लाकडाच्या जुन्या चक्रावर तार गुंडाळत, दंडावर ओरखडे. त्यानं पिकअप बघितली आणि पुन्हा चक्राकडं वळला.

लुएला गेली, तारेचं दुसरं टोक उचललं आणि ताणून धरलं. ताण असला की तार नीट बसते. डेलनं चक्र फिरवलं. क्लेम पुढं जाऊन गवतातनं टोकं मोकळी करू लागला. चक्रावर तारेचे दोन थर चढले.

"प्रकरण मिटलं न्हवं?" डेल म्हणाला.

"मिटलं. काल."

"मंजी आता बोलाया हरकत न्हाई."

"नाही."

"मग आईक. तू चुकलीस."

"चुकले नाही."

"चुकलीस. किल्ली मागितली त्याला मी दिली आसती."

"कुणी मागितली होती?"

"कुणी न्हाई."

"कुलूप बघून कोण मागतं रे?"

डेलनं चक्र थांबवलं, दंडाचं रक्त पँटला पुसलं. "आन् मला स्ट्रोबेल म्हणालीस. गावादेखत."

"मग काय डेल म्हणायचं होतं? तुला लाच देणारा म्हणाले असते."

"म्हणालेच. चार जण."

"कोण?"

"त्ये तुला कशाला? तुरुंगात घालशील." पुन्हा चक्र फिरू लागलं. "इर्मा म्हणती, मांस खाल्लंच व्हतं तर बाकीचं ठेवून घ्यायचं."

"इर्माला सांग, कायदा तिनं केला असता तर सोपं गेलं असतं."

"तूच सांग. तिकडं येती बग."

इर्मा टेकाडावरनं खाली येत होती, एका हातात कॉफीचा थर्मास, दुसऱ्या हातात झाकलेलं पातेलं. जवळ येऊन तिनं लुएलाकडं बघितलं. मग तिच्या हातातल्या तारेकडं बघितलं.

"सैल धरलीयास," ती म्हणाली.

"घट्ट आहे."

"सैल हाय. वकिली करून हात गेलं तुझं. हो बाजूला."

"इर्मा, मी धरते."

"धर मग नीट. आन् अपील का केलं न्हाई म्हणून इच्यारलंस का ह्याला?"

"मी कसं विचारू?"

डेल वाकून तारेचा पीळ सोडवत होता. तो मान वर न करता म्हणाला, "अपिलात तीन जज बसत्यात. तिघंबी शहरातलं. झरा बघितला न्हाई, गाय बघितली न्हाई. त्यांनी चुकायचं तर अंदाजानं चुकायचं. तू निदान बघून चुकलीस."

"चुकले नाही, डेल."

"ओढ. सैल पडतीया."

तिनं टाच जमिनीत रोवली आणि ओढली.